पहिली आरसी गाडी घेण्याआधी: बाबल्यास पत्र

फोंडा,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय बाबल्या,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. ती आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी सुसाट आहे, वादच नाही. पण खाली 'ताशी ७० किमी' एवढंच लिहिलंय आणि तेवढ्यावर तू बारा हजार मोजायला निघालास, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. चिरंजीवांसाठी घेतोय म्हणतोस, पण रिमोट कुणाच्या हातात राहणार ते मला आणि वहिनींना दोघांनाही ठाऊक आहे.

वेग सगळ्यांत शेवटी बघ. आधी बघायचं ते हे, की गाडी मोडली की तिचा सुटा भाग मिळतो का. ती मोडणारच, पहिल्या महिन्यात पुढचा एखादा आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) तरी जातोच. 'हॉबी-ग्रेड' म्हणतात ते याच अर्थानं. खेळण्यातली गाडी बंद पडली की माळ्यावर जाते. या गाडीचा आर्म, गिअर, मोटर, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) सगळं वेगवेगळं विकत मिळतं आणि घरी बसवता येतं. दुसरी खूण रिमोटमध्ये दिसते. स्टीअरिंग थोडं फिरवलं तर चाकं थोडीच वळतात, ट्रिगर अर्धा दाबला तर गाडी अर्ध्या जोरानं जाते. खेळण्यातल्या गाडीची चाकं एक तर सरळ, नाहीतर पूर्ण वळलेली.

तेव्हा गाडीचं नाव शोधण्याऐवजी मॉडेल नंबरासोबत 'फ्रंट आर्म', 'स्पर गिअर' (मोटरनं फिरणारं मोठं दातेरी चाक), 'सर्वो' असं शोध, आणि भारतात कुणाकडे माल शिल्लक आहे का ते बघ. फक्त चीनमधूनच मिळत असेल तर वाट बघणं आलं आणि ड्युटीही आली. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ मध्ये ती ७० झाली. परदेशी व्हिडिओत सांगितलेली किंमत आपल्याकडे का लागू पडत नाही, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

अजून एक बारीक तपासणी. सर्वोला तारा किती येतात ते फोटोत मोज. तीन असतील तर उत्तम, मापात बसणारा कुठलाही साधा सर्वो उद्या लावता येईल. काही स्वस्त गाड्यांत पाच तारांचा सर्वो असतो. त्याचं नियंत्रण गाडीच्या मुख्य बोर्डावर असतं, म्हणून त्याच कंपनीच्या सर्वोशिवाय दुसरा चालत नाही.

आता तुझ्या जमिनीकडे येतो, कारण खरी निवड तिथेच ठरते. तू मोरजीच्या किनाऱ्याचं स्वप्न बघतोयस. ते सोड. समुद्राची वाळू गिअरमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरते, खारं पाणी लोखंड खातं, आणि डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ते बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं. बेअरिंगना गंज चढायचा तो चढतोच. शिवाय हिवाळ्यात मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तो किनारा त्यांचा आहे, तिथे आपली घरघर नको.

तुझ्याकडे मोपाच्या विमानतळानं घेतला तो सोडूनही बराच सडा (जांभ्या दगडाचा उघडा माळ) उरलाय. पण जांभा म्हणजे खडबडीत काम. १/१८ किंवा १/२४ मापाची (खऱ्या गाडीच्या अठराव्या किंवा चोविसाव्या हिश्श्याएवढी) चिमुकली गाडी तिथे दर हातावर अडकेल. बुटकी बग्गी पोट घासत जाईल. सड्यासाठी मोठ्या चाकांचा, चारही चाकं ओढणारा ट्रक हवा. शाळेचं किंवा फुटबॉलचं मैदान मिळणार असेल (पोरांचा सराव संपल्यावर, नाहीतर गाडीलाच लाथ बसेल), तर बग्गीसारखी मजा नाही.

बग्गीत डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही नवशिक्यांची जुनी ओळखीची गाडी. १/१४ माप, फोर-व्हील ड्राइव्ह, धातूची चासी, बॉल बेअरिंग, ५५० ब्रश्ड मोटर, ७.४ व्होल्टची १५०० एमएएचची बॅटरी. कंपनी ताशी ६० म्हणते. मैदानात त्याच्या अर्ध्यावर तुझे डोळे पांढरे होतील. वीक पॉइंट एकच सांगतो, रिसिव्हर (रिमोटचा संदेश घेणारा) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) एकाच पेटीत आहेत, एक गेलं की दोन्ही बदलायचं. पण तिचे भाग बाजारात इतके खपतात की मला तिची काळजी वाटत नाही. सड्यासाठी एमजेएक्सच्या हायपर गो मालिकेतले ट्रक बघ. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत ब्रशलेस मोटर येते. तिच्यात झिजायला ब्रश नाहीत, जोर मात्र जास्त, म्हणून चुकाही जोरात होतात. ट्रॅक्ससची स्लॅश बजेटात बसत नाही, तिचं नाव काढू नकोस.

टामियाबद्दल तू विचारलंस. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ काढली, ती त्यांची पहिली आरसी गाडी. १९८४ ची ग्रासहॉपर पुन्हा काढलेली किट म्हणून आजही मिळते. ती हळू आहे, पण स्वतः स्क्रू आवळून बांधायची असते आणि मला स्वतःला तसलंच आवडतं. मात्र किटमध्ये रिमोट, बॅटरी, चार्जर येत नाही, म्हणजे खोक्यावरची किंमत अर्धवटच समज. तुला ते आत्ता नको.

बारा हजारांतले आठच गाडीवर घाल. उरलेल्या चारांत एक जादा बॅटरी, बॅलन्स चार्जर (बॅटरीचे सगळे सेल सारखे भरणारा), हेक्स ड्रायव्हर (१.५, २ आणि २.५ मिमी) आणि दोन-चार आर्म. गाडीबरोबर येणारा यूएसबी चार्जर ही पेज शिजवायला मेणबत्ती लावल्यासारखी गोष्ट आहे.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीबाबत मात्र मी हट्टी आहे. एका सेलचे भरलेले व्होल्ट ४.२, त्यावर जायचं नाही, खाली ३.२ च्या आसपास थांबायचं. गाडी मंदावली की घरी, 'अजून एक फेरी' नाही. चार्ज करताना समोर बस, आणि लाकडी टेबलावर नको, लादीवर ठेव. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. पावसाचे चार महिने गाडी बाहेर काढणार नसशील तर दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून दे. चार्जरमध्ये 'स्टोरेज' म्हणून सोय असते. पूर्ण भरून विसरलेली बॅटरी पुढच्या चवथीला फुगून बसते.

तांबडी धूळ पेंटिंगच्या ब्रशानं झाड, नळाखाली धरू नकोस. पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) आणि स्पर गिअर यांतली फट कागदाच्या पट्टीनं लावतात, ते हातानंच दाखवीन.

पुढच्या रविवारी ये, जेवण इकडेच. पेडण्याहून निघताना फोन कर. माझी गाडी मैदानात फिरवून बघ, मग ट्रक की बग्गी ते तुझं तूच ठरव. तोवर त्या व्हिडिओवाल्याला पैसे पाठवू नकोस.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
गुरू

ता.क. घरात १२ व्होल्टचा पाच-सहा अँपिअरचा अडॅप्टर पडला असेल तर घेऊन ये. काही बॅलन्स चार्जरसोबत तो येत नाही, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.