सईच्या खऱ्या कमाईचे पाचशे रुपये

ऐरोली, नवी मुंबई
रविवार, संध्याकाळ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शिमग्याला पालखी आपल्या घरी येईल त्या दिवशी मी एकटाच येईन. स्मिता आणि सई या वेळी येणार नाहीत. हे फोनवर सांगितलं तेव्हा आई नुसतं "बरं" म्हणाली, आणि आईचं "बरं" मला लहानपणापासून ठाऊक आहे. शिवाय बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई स्वतःची भर घालून सांगते. म्हणून सविस्तर लिहितोय. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि पत्र संपेपर्यंत आईने मध्ये बोलू नये.

पालखीच्याच शनिवार-रविवारी सईच्या गाईड पथकाचं, म्हणजे मुलींच्या स्काऊटचं, शिबिर आलंय. त्यातल्या पायऱ्यांना सोपान म्हणतात. मागच्या वर्षी तिचं द्वितीय सोपान झालं, आता तृतीय चालू आहे. ते पुरं झालं की राज्य पुरस्कार आणि त्याच्या पुढे राष्ट्रपती पुरस्कार. शाळेच्या इयत्तांसारखंच आहे, मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, आणि प्रत्येक पायरीवर ठरलेले महिने काम करावं लागतं. हे शिबिर हुकलं तर पुढचं कधी लागेल, याचा नेम नाही. स्मिताची त्या आठवड्यात रात्रपाळी आहे आणि वॉर्डात आधीच दोघी रजेवर आहेत. तेव्हा रुसवा कोणावर धरायचा असेल तर तो तारखांवर धरा. पालखी आपल्याकडे शनिवारी की रविवारी, ते गावकारांना विचारून कळवा, म्हणजे ठाण्याहून रात्रीच्या गाडीचं तिकीट काढतो.

आता आईचा प्रश्न. "तेरा वर्षांची पोर रात्री तंबूत कशाला?" आई, तंबूत मुलीच असतात, आणि गाईडच्या पथकाला कॅप्टन बाईच असते. सईच्या बाई पन्नाशीच्या आहेत. शिट्टी वाजवली की आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा ताठ उभा राहतो. मुलींच्या पाळीचं वगैरे काय करायचं, ते स्मिताने आणि बाईंनी आधीच बोलून घेतलंय. त्यात मी पडलो नाही आणि मला पडूही दिलं नाही.

सईकडे मात्र तुझ्यासाठी वेगळंच उत्तर आहे. हे स्काऊटचं सगळं सुरू झालं मुलग्यांसाठी. बेडन-पॉवेल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1907 साली ब्राऊनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलगे नेऊन पहिलं शिबिर घेतलं. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली कोणी बोलावलेलं नसताना स्वतःच गणवेश चढवून तिथे जाऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही घ्या म्हणून. त्यातून 1910 मध्ये गाईड सुरू झालं, आणि आपल्याकडे पहिली गाईड कंपनी निघाली 1911 मध्ये, जबलपूरला. सई म्हणते, "आजीला सांग, तेव्हाच्या आज्यांनी पण हेच विचारलं असणार."

बाबा, आता तुमच्याकडे येतो. तुम्ही परवा म्हणालात, "तिची ती खरी कमाई की काय असेल, त्याचे पाचशे मी पाठवतो, भरून टाक." पाठवू नका. खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः काहीतरी काम करायचं, त्याचे पैसे मिळवायचे आणि ते पथकाच्या कामाला द्यायचे. आजोबांनी पाठवलेल्या पैशाला खाऊचे पैसे म्हणतात. इथेही हाच घोळ झाला. सईने सोसायटीत कपड्यांना इस्त्री करून देते, स्कूटर पुसून देते असं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी शंभराची नोट काढून दिली आणि म्हणाले, "कशाला हात मळवतेस, हे घे आणि जा अभ्यासाला." तिने नोट परत केली. काकांना राग आला. मग त्यांच्या घरातल्या काकूंनीच चार साड्या इस्त्रीला दिल्या, त्यातल्या एकीची किनार नीट बसली नव्हती म्हणून दहा रुपये कापूनही घेतले. सईला त्या दहा रुपयांचं फार वाईट वाटलं. मला मात्र काकूंचं कौतुक वाटलं. मुलीला गिऱ्हाईक भेटलं.

मला या सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणाल तर हीच. मुलांच्या हातातलं काम काढून घेणारी माणसं सगळी प्रेमळच असतात, आणि आमच्याकडे तर वेळ नाही हे कारण कायम तयार असतं. माझी शिफ्ट दुपारी सुरू होते ती अमेरिकेच्या घड्याळाने संपते. स्मिता घरी येते तेव्हा मी निघालेला असतो. सईची शाळा, क्लास, शनिवारचं पथक. फ्रीजवर एक कॅलेंडर लावलंय, त्यावर तिघांची तीन रंगांची पेनं चालतात. अशा घरात सोपी वाट कुठली, तर रात्री बसून बापानेच लॉगबुक, म्हणजे तिने केलेल्या कामांची नोंदवही, रंगवायचं. इथे स्टेशनजवळ शाळेचे प्रोजेक्ट करून देणारी दुकानं आहेत. फोटो, मथळे, कव्हर, सगळं एका संध्याकाळात मिळतं. काही पालकांचा सारा हिशेब या पुरस्कारांवर दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचा असतो आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण दहावी सगळ्यांनाच द्यायची आहे. पण आमच्या घरात ठरलंय की जे तिने केलं तेच लिहायचं, आणि जे लिहिलं त्यावरच आम्ही सही करायची. राज्य पुरस्कार एक वर्ष उशिरा मिळाला तरी चालेल. हे सईला मान्य आहे असं नाही. तिची मैत्रीण पुढे जाईल ही भीती तिला आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आम्ही करतो ते एवढंच. वेळ काढून देतो आणि बाजूला उभे राहतो. गेल्या रविवारी तिला उंचीचा अंदाज काढायचा होता. एक मीटरची काठी फरशीवर उभी धरली, तिची सावली मोजली, साठ सेंटीमीटर. लगेच आमच्या इमारतीची सावली मोजली, बारा मीटर. मग कागदावर त्रैराशिक मांडलं आणि म्हणाली, इमारत वीस मीटर. सात मजल्यांना ते जुळतं. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या असतात, दहा मिनिटं गेली तरी हिशेब चुकतो, म्हणून टेपचं एक टोक मला धरायला लावलं होतं. एवढंच माझं काम. बाबा, परड्यातला तो विहिरीजवळचा माड तुम्ही पंचेचाळीस फूट म्हणता आणि शेजारचे साठ म्हणतात. मे महिन्यात निकाल लावून टाकू.

गाठींचं मात्र तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही वायरमन असताना खांबाला दोर मारायचात तशीच एक गाठ तिच्या पुस्तकात आहे, क्लोव्ह हिच. बांबूंची चौकट बांधायला सुरुवात तिनेच करायची. रीफ नॉट बँडेजला, कारण ती चपटी बसते, टोचत नाही आणि सोडायलाही सोपी. पण जाड दोराला बारीक दोर जोडायचा असेल तर रीफ नॉट निसटते, तिथे शीट बेंड. आणि बोलाइनचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून माणसाला वर खेचायला ती. मी विचारलं, विहिरीत पडलेल्या वासराला कुठली? तिने क्षणभर विचार करून बोलाइनच सांगितली. आपलं तांबडं वासरू तुम्ही कसं काढलं होतं, ते तिला सांगा. फक्त दोर हातात घेऊन बांधून दाखवू नका. तुमच्याकडून ती गाठ झटकन होते आणि मग समोरचा नुसता बघत राहतो. माझं तेच झालं होतं. मला अजून धड गाठ येत नाही.

प्रथमोपचारात तर ती तुम्हा दोघांनाही दम देणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आई, भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काही लावायचं नाही. आधी नळाखाली धरायचं, गार वाहत्या पाण्यात, वीस मिनिटं. बर्फही नको. आणि बाबा, साप चावला की वर दोरीने आवळायचं हे तुम्ही सांगत आलात, ते आता चुकीचं मानतात. आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला निजवून ठेवायचं, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, आणि मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्यायचं. तिचा तो गळ्यातला स्कार्फ आहे ना, तो तिकोनी असतो तो उगाच नाही, वेळ पडली तर त्याचीच हाताला झोळी होते. सध्या सराव माझ्यावर चालतो. परवा ऑफिसची मीटिंग मी हात झोळीत अडकवूनच घेतली, कॅमेरा बंद ठेवून.

खाडीचं सांगायचं राहिलं. निसर्गनोंदीसाठी आम्ही फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. तुम्ही म्हणता ना, ऐरोलीला आहे काय, नुसत्या इमारती. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि 2022 मध्ये रामसर यादीतही आला, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये. कांदळवनाच्या कडेने बोट निघते, ओहोटी-भरतीचं वेळापत्रक बघून जावं लागतं. पक्षी चिखलात चोच उलटी घालून खातात, त्यातल्या शेवाळामुळे आणि बारीक जिवांमुळे त्यांना तो रंग येतो. सईने वहीत चित्र काढलं ते बदकासारखं झालंय, पण तिचंच आहे. पुढच्या वेळी तुम्ही इथे याल तेव्हा थंडीनंतरचे दिवस बघून या. आईला होडीची भीती वाटते, तर ती काठावर बसेल.

आता मुद्द्याचं. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आटोपली की सईला मी तुमच्याकडे पाठवतोय, पूर्ण मे महिना. माझं येणं शेवटच्या आठवड्यात जमेल, स्मिताचं त्याच्या आधी. तिला तिथे तीन कामं करायची आहेत आणि तिन्हींना तुमची मदत लागेल, म्हणजे खरं तर तुम्ही मदत न करण्याची लागेल.

एक, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक. परड्यात तीन दगड तीच मांडेल, काटक्या तीच गोळा करेल. काडेपेटीच्या काड्या मोजून दे. भात करपला तरी आई, तू उठायचं नाहीस. तो करपलेला भात सगळ्यांनी खायचा, बाबांनीही. फक्त पाण्याची बादली शेजारी भरलेली असू दे आणि वारा असेल त्या दिवशी चूल नको, गवत वाळलेलं असतं.

दोन, कोकमाचे रातांबे. दरवर्षी तू बायका लावून फोडून घेतेस. या वर्षी एक बाई कमी लाव आणि ते काम सईला दे, गावात जो दर चालतो त्याच दराने. नात म्हणून जास्त नाही आणि लहान म्हणून कमीही नाही. जेवढे फोडील तेवढ्याचे पैसे, रोज संध्याकाळी रोख. बी वेगळी काढली नाही तर दहा रुपये काप, आमच्या काकूंसारखे. बाबा, तुमचे पाचशे तिला असे पोचू देत. पाचशेच्या ऐवजी तीनशे झाले तर तीनशे.

तिसरं काम तिने स्वतःच निवडलंय. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना कोणती औषधं कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं. सुरुवात तुमच्यापासून करणार आहे. बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, यावर तुमच्या दोघांचं एकमत नाही हे तिला ठाऊक आहे. डॉक्टरांची चिठ्ठी शोधून ठेवा.

गुडघा कसा आहे ते आईच्या नाही, बाबांच्या हातचं लिहून कळवा. इकडे सगळं ठीक.

तुमचा,
बाळू

ता. क. सई म्हणते, काथ्याचा दोर इथे मिळतो तो फार खरखरीत आहे, हात सोलले. बाबांकडे माळ्यावर जुना सुती दोर असेल तर तो उन्हात टाकून ठेवा, मी पालखीला आलो की घेऊन जाईन. गाठी मारलेल्या असतील तर सोडू नका. त्या ती सोडवेल.