रावपुऱ्यातल्या माझ्या माणसांचे मनापासून आभार

मी मूळची रत्नागिरीकडची, लग्न होऊन वडोदऱ्यात आले. रावपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. रोजच्या नमाजांपैकी पहाटेची फजर आणि रात्रीची इशा घरीच होतात, दुपारची जोहर जेवणाच्या सुट्टीत. ओढाताण होते ती संध्याकाळच्या मगरिबला. सूर्य मावळला की तिची वेळ सुरू होते आणि सव्वा तासात संपत येते. डिसेंबरात तर सूर्यास्त सहाच्या आसपास, नेमकी पेशंटांची गर्दी असते तेव्हा.

अशा वेळी शेजारच्या टेबलावरची ताई काही न बोलता माझ्या नळ्यांचा ट्रे आपल्याकडे ओढून घेते. सुयांची भीती वाटणारी लहान मुलंसुद्धा तीच सांभाळते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर पश्चिमेकडच्या खिडकीखालचं कपड्यांचं स्टँड कायमचं हलवलं, माझ्या नमाजासाठी धुतलेली सुती चादर तिथे घडी करून ठेवली. "वजूला मोरी वापर गं, दरवेळी विचारत नको बसूस," म्हणाल्या. वजू म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हाही माझ्यासाठी तांब्या भरलेला असतो. ही माया मी कशी फेडू?

आणि स्टेशनवरच्या त्या अनोळखी बाई! प्रवासात चार रकातींच्या (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन) नमाजात चारऐवजी दोनच पढायची सवलत आहे, पण फलाटावर जागा कुठली? त्यांनी माझ्या बॅगा आपल्या पायाशी घेतल्या, समोरून जाणाऱ्यांना बाजूने वळवलं. गाडी आली, नाव विचारायचं राहिलं. बाई, तुमचेही खूप खूप आभार.