शेंगांचं काय झालं?

सांगली
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय अव्या,

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं ठरलेलं नाही आणि पैसेही नकोत. व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो होतो, पण तिथे तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. वास्तुशांतीला आलो नाही याचा राग अजून असेलच. त्या दिवशी दुकानात माल उतरायचा होता हे खरं कारण आहे, आणि ते तुला पटणार नाही हेही मला ठाऊक आहे. ते भांडण समोरासमोर करू.

तब्येती ठीक. माझी शुगर होती तिथेच आहे, हिचा गुडघा दुखतो. आईचं पुढे लिहितो.

झालं असं, की गेल्या रविवारी सईबरोबर एक जपानी सिनेमा बघितला आणि मला शेंगा आठवल्या. मिरजेच्या शेंगा. हे बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, 'आणू का भाजून?' म्हणून तुला लिहितोय.

सई आता पंधराची. दहावीचं वर्ष आहे आणि अभ्यास सोडून बाकी सगळं ती जपानीतून करते. कार्टून म्हटलेलं खपत नाही. 'बाबा, कार्टून नाही, ॲनिमे.' मी तुझ्या थाटात उलटतपासणी घेतली, की फरक काय? तर म्हणे जपानात त्या शब्दाचा अर्थ ॲनिमेशन एवढाच. तिकडे टॉम अँड जेरीसुद्धा ॲनिमेच. भेद केला तो बाहेरच्यांनी. पोरगी तुझ्याच लाइनची आहे, ऑफिसात एक टेबल मोकळं ठेव.

तुझं मत मला पाठ आहे. शिऱ्याच्या लग्नात जिलबीवर जिलबी हाणत तू तासभर ऐकवलं होतंस, की जपानी कार्टूनं म्हणजे बशीएवढे डोळे, हलतं ते फक्त तोंड, आणि एक ठोसा बसायला तीन रविवार लागतात. टॉम अँड जेरी ही खरी कारागिरी, सात ऑस्कर उगाच मिळाले नाहीत. मी मान डोलवत होतो. खरं सांगायचं तर गेल्या रविवारपर्यंत डोलवतच होतो.

पण डोळ्यांचा मुद्दा तुझ्यावरच उलटतो, बघ. ते टपोरे डोळे तिकडे रुळवले ओसामु तेझुका या चित्रकाराने, आणि तो माणूस डिस्नीचा भक्त. 'बाम्बी' त्याने वेड्यासारखा पुन्हा पुन्हा बघितला होता. म्हणजे चोरी झालीच असेल तर तुमच्याच घरात झाली. चित्रं हलत नाहीत हे मात्र कबूल, आणि त्याचं कारण पैसा. १ जानेवारी १९६३ ला तेझुकाचा 'ॲस्ट्रो बॉय' जपानी टीव्हीवर सुरू झाला, दर आठवड्याला अर्धा तास. सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. टॉम धावतो तेव्हा त्यासाठी सेकंदाला बारा, कधी चोवीसच्या चोवीस चित्रं काढलेली असतात. तेझुकाला ते परवडेना. एकेक चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे आठात भागतं. कधी नुसते ओठ हलवायचे, कधी चित्र तसंच ठेवून कॅमेरा सरकवायचा. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर तीन मावळे फिरवून फिरवून सगळीकडे दाखवायचो, तसंच.

आणि टॉम अँड जेरी काढणाऱ्या तुझ्या त्या हॅना-बार्बेरांवरही हीच वेळ आली होती, हे शिऱ्याच्या लग्नात सांगितलं नाहीस. १९५७ मध्ये त्यांच्या एमजीएम स्टुडिओने कार्टून विभागाला टाळं लावलं, दोघं टीव्हीत गेले आणि त्यांनीही चित्रं कापली. त्यांचं ते अस्वल, योगी बेअर, अंगात काही घालत नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय का? धड तसंच ठेवून वरचं डोकं तेवढं हलवता यावं म्हणून. सांधा झाकायला कॉलर. दोन्हीकडे पीठ कमी पडलं. यांनी बडबड वाढवली, 'फ्लिंटस्टोन्स'मध्ये तर मागे हसण्याचे आवाजसुद्धा भरले. जपान्यांनी थांबलेलं चित्र थांबलेलंच राहू दिलं, आणि पुढे पैसा आला तरी थांबायची सवय सोडली नाही. हे माझं मत आहे. पुरावा मागू नकोस, रविवार आहे.

सिनेमा होता 'माय नेबर टोटोरो'. हायाओ मियाझाकीचा, १९८८ चा. दोन बहिणी, मोठी सात्सुकी आणि चार वर्षांची मेई. बापाबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई दवाखान्यात. तिला काय झालंय ते धड कुणी सांगत नाही. (मियाझाकीची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला होती.) खलनायक नाही, पाठलाग नाही, कुणाच्या डोक्यात इस्त्री पडत नाही. मी पहिला अर्धा तास वाट बघत होतो की आता ते टोटोरो नावाचं केसाळ धूड पोरींना खाणार. ते झोपतं.

मग बसस्टॉपवरचा प्रसंग येतो. पाऊस पडतोय, बाप यायचाय, बस येत नाही. धाकटी पेंगायला लागते, मोठी तिला पाठीवर घेते. शेजारी तो टोटोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान घेऊन. थेंब पडतात. बस, एवढंच. लेका, मी दुकानदार माणूस, गिऱ्हाईक दोन मिनिटं बोललं नाही तर मला घाम फुटतो. पण तिथून मला हलवेना. सई म्हणाली याला 'मा' म्हणतात. मियाझाकीने २००२ मध्ये एका अमेरिकन समीक्षकाला टाळ्या वाजवून सांगितलं होतं, की दोन टाळ्यांच्या मधली जी जागा असते ना, ती मा. मला तबल्याचे गुरुजी आठवले. तू तबल्याला बसायचास आणि मी बाहेर चपलांजवळ. टाळी चुकली तर चालेल पण खालीला, म्हणजे टाळी न देता मोजायच्या मात्रेला, हात हवेत नीट सोड, म्हणून तुला ओरडायचे. तू कधी नीट सोडला नाहीस. म्हणूनच तुला टॉम अँड जेरी आवडतं, तिथे खालीच नाही.

आता पुढचं ऐक. दवाखान्यातून तार येते, आईचं घरी येणं लांबलं. मोठी इतके दिवस शहाण्यासारखी वागत असते, ती एकदम रडायला लागते. आणि धाकटी, चार वर्षांची, मक्याचं एक कणीस छातीशी धरून एकटीच दवाखान्याच्या वाटेला लागते. शेजारच्या आजीच्या शेतातलं खाल्लं की माणूस बरं होतं, असं तिने ऐकलेलं असतं.

अव्या, मी उठून पाण्याची मोटर बंद करायला गेलो. मोटर चालूच नव्हती.

शेंगांची हकीकत तुला सांगायची गरज नाही, पण बत्तीस वर्षं झाली, तेव्हा माझा जबाब तुझ्याशी जुळतो का बघून घे. रविवार. मोडकांच्या टीव्हीवर मोगली संपला. (तोही जपानी होता, तुला माहीत होतं का? निप्पॉन ॲनिमेशनचा, बावन्न भागांचा. मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेल्या किपलिंगची गोष्ट, चित्रं जपान्यांची, गाणं गुलजारांचं आणि शेरखान आपला नाना. आणि आपण त्याला सरकारी कार्यक्रम समजत होतो.) शिऱ्याकडे क्रिकेट खेळतो म्हणून सांगितलं. तासाला रुपया भाड्याची सायकल, तू पुढे, मी कॅरिअरवर. विश्रामबागेनंतर चेन पडली. सुमनताईच्या घरून आणलेल्या ओल्या शेंगा मिठात उकडलेल्या, वर्तमानपत्रात बांधलेल्या. आईच्या छातीत पाणी झालं होतं, ती मिरजेच्या दवाखान्यात होती आणि पाच आठवडे मी तिला पाहिलं नव्हतं. अक्षर तुझं चांगलं, म्हणून पुडीवर तू लिहिलंस. आणि काय लिहिलंस, तर 'काकूंस'. मी म्हणत होतो 'आईस' लिही. तू म्हणालास, मी लिहितोय म्हणजे माझ्या नात्याने लिहिणार. तेव्हापासूनच वकील!

गेटवरच्या वॉचमनने लहान मुलांना आत सोडलं नाही. तू त्याला नानाच्या आवाजात शेरखान करून दाखवलास. त्यामुळेच सोडलं नाही, असं माझं आजही मत आहे. पुडी त्याने ठेवून घेतली, 'देतो' म्हणाला. परत येताना तू म्हणालास, खाल्ल्या असणार त्याने. मी म्हणालो, दिल्या असणार. पैज लागली एक भेळ. ती भेळ अजून बाकी आहे.

सिनेमात काय होतं सांगतो. त्या दोघी शेवटी दवाखान्यापर्यंत पोचतात, पण आत जात नाहीत. बाहेरच्या झाडावर बसून आई-बापाला खिडकीतून बघतात आणि जातात. खिडकीच्या कट्ट्यावर कणीस सापडतं. त्याच्या सालीवर नखाने कोरावं तशी अक्षरं आहेत. मी सईला विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, 'आईस.'

आता तू म्हणशील, संज्या, आमच्या डिस्नीनेही १९४२ मध्ये बाम्बीची आई मारलीच की. मारली, मान्य. पण मारणं आणि पाच आठवडे वाट बघायला लावणं यात फरक आहे, आणि हा दुसरा प्रकार मला कार्टूनमध्ये कधी भेटला नव्हता. टॉमच्या अंगावरून रोडरोलर गेला, तो चपातीसारखा चपटा झाला, पुढच्या क्षणी टुणकन उभा. लहानपणी मला तेच हवं होतं, हेही खरं आहे. आई दवाखान्यात असताना मी टॉम अँड जेरी बघून जितका हसलोय तितका नंतर कधी हसलो नाही.

तुझ्या हातात आणखी एक शस्त्र देतो, उगाच एकतर्फी नको. सगळं जपानी असं नसतं. सई बघते त्यातल्या निम्म्यात नुसती आरडाओरड आहे. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना आपली ताकद समजावून सांगत बसतात, अगदी ग्रामसभेसारखं. डोरेमॉनमधला नोबिता वर्षानुवर्षं त्याच वर्गात. आई दुपारी तो हिंदीतून बघते आणि रोज विचारते, 'हा पोरगा नापास झाला का रे?' मी रोज हो म्हणतो. ती रोज हळहळते.

आईचं हे असं आहे. नावं निसटतात. मला मधूनच दादा म्हणते, म्हणजे मिरजेचे मामा. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, गोळ्या चालू आहेत. दिवसा हसून नेतो आम्ही सगळे, ती स्वतःही हसते. रात्री मला एकच गोष्ट टोचत राहते आणि ती इतकी फालतू आहे की कुणाला बोलता येत नाही. त्या शेंगा तिला मिळाल्या का? बत्तीस वर्षं एका घरात राहून मी विचारलं नाही. आधी मार बसेल म्हणून, मग विसरलो म्हणून, मग विचारण्यासारखं काय आहे त्यात म्हणून. ती घरी आल्यावर तिनेही काही विचारलं नाही, यावरून तू निष्कर्ष काढशील. पण तिला वाटलं असेल पुडी तुझ्या आईने पाठवली! 'काकूंस' लिहिलं होतंस ना, गाढवा! 'आईस' लिहिलं असतंस तर ती येऊन बोलली असती.

शेवटी परवा रात्री विचारलंच. पाय चेपत होतो. म्हटलं, 'आई, मिरजेला दवाखान्यात होतीस तेव्हा शेंगा आल्या होत्या का गं?' ती लगेच म्हणाली, 'हो, आल्या की.' मी इतका खूश झालो की भेळेचा विचारसुद्धा मनात आला. मग मला तुझी सवय आठवली आणि मी मूर्खासारखं पुढे विचारलं, 'आणि आंबे?' 'हो, आंबेही आले की. गोड होते.'

म्हणजे साक्ष बाद. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणते, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

तुझं काय? नव्या घरात पाणी येतं का? ओंकारची बारावी ना यंदा, त्याला फार छळू नकोस. वहिनींना नमस्कार. ऑगस्टपासून कोल्हापुरात हायकोर्टाचं बेंच सुरू झालंय, तेव्हा आता डोंबिवलीहून इकडे यायला निमित्त नाही असं म्हणू नकोस. एखादी केस लावून घे आणि मुक्कामाला ये. तुला बघितलं की आईला नको नको ते आठवतं. मागच्या खेपेला शिऱ्याच्या आईकडे राहिलेले दुधाचे अकरा रुपये आठवले होते. तू विचार तिला, पण सरळ विचार, तोंडात उत्तर घालू नकोस.

तोपर्यंत सईकडे आणखी एक सिनेमा आहे, त्याच स्टुडिओचा. १६ एप्रिल १९८८ ला टोटोरोबरोबर एकाच खेळात दाखवला होता. युद्धातले भाऊ-बहीण आहेत म्हणे. सई म्हणते, बाबा, तो तू एकटा बघू नकोस. तू आलास की बघू, नाहीतर राहू दे.

तुझा,
संज्या

ता. क. शेंगांचं सईला सांगितलं. ती चित्र काढायला बसली आहे आणि विचारतेय, वॉचमनला मिशा होत्या का? मला आठवत नाही. तुला आठवतं का? खरं तेच सांग, तुझ्या बाजूचं नको.