तुझ्या कंदिलाच्या गोष्टीबद्दल

प्रिय चिऊ,

तुझी वही काल रात्री वाचून संपवली. म्हणजे बाराव्या प्रकरणाच्या दुसऱ्या ओळीपर्यंत आले, कारण तूच तिथे थांबली आहेस. समासात पेन्सिलीने लिहिलंयस, ‘आजीचं गुपित काय? आईला विचारू.’ आणि वहीवर चिठ्ठी चिकटवलीयस, ‘वाच, पण छान छान म्हणू नकोस.’ बरं, नाही म्हणत. समोर बसून बोलायला गेले तर तू पहिल्या वाक्यालाच तोंड फुगवशील आणि मी विषय बदलेन. म्हणून हे पत्र.

आधी तक्रार. दुसऱ्याच पानावर तू नायिकेच्या आईबाबांना तीन ओळींत बोटीवर चढवून सहा महिन्यांसाठी पाठवून दिलंस. ती आई म्हणजे मी नव्हे असं धरून चालते, जरी तिची निघताना दोनदा चष्मा विसरायची सवय फारच ओळखीची वाटली. मोठ्यांना वाटेतून दूर करावं लागतं हे मला कळतं. आई घरात असती तर पहिल्याच रात्री तिने कंदील विझवून पोरीला झोपायला लावलं असतं, आणि गोष्ट संपली असती. पण हे काम साध्या कारणानेही होतं. फिलिपा पिअर्स यांच्या १९५८ सालच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’मध्ये टॉमच्या भावाला गोवर येतो, म्हणून टॉमला नातेवाइकांकडे धाडतात. एवढंच. एका गोवरावर अख्खी कादंबरी उभी आहे. तुझ्या बोटीपेक्षा मला तो गोवर पटला.

आता कंदील. तो पेटवला की त्या खोलीत पूर्वी कधीतरी उभ्या राहिलेल्या माणसांच्या सावल्या भिंतीवर दिसतात. हे वाचल्यावर मी उठून आपल्याच भिंतीकडे बघून आले, यापेक्षा जास्त कौतुक करत नाही. पण चौथ्या प्रकरणात तूच ठासून सांगितलंस की सावल्या बोलत नाहीत. मग नवव्यात एक सावली चक्क अर्धं पान भाषण करते. का? कारण तू अडकली होतीस आणि कोणीतरी माहिती देणं गरजेचं होतं. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं हं. ई. नेस्बिट यांच्या १९०२ सालच्या ‘फाइव्ह चिल्ड्रेन अँड इट’मधला वाळूतला प्राणी मुलांची इच्छा पुरी करतो, पण सूर्य मावळला की सगळं विरून जातं. मुलांना पंख मिळतात, पण ते संध्याकाळपर्यंतच, आणि उंच मनोऱ्यावर असतानाच अंधार पडतो. गंमत पंखांत थोडी आणि त्या अंधारात जास्त आहे. तेव्हा तुझ्या सावल्या मुक्याच राहू देत. मुकी सावली काय सांगू पाहतेय हे ओळखण्यात दोघी मैत्रिणींची तीन प्रकरणं सहज जातील, आणि ती चांगली होतील.

निळ्या शाईत घर आणि हिरव्या शाईत कंदिलाचा उजेड, ही कल्पना तुझी तुलाच सुचली का? मिखाएल एंडे यांची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९ मध्ये जर्मनीत निघाली तेव्हा ती अशीच दोन रंगांत छापली होती, एका रंगात मुलाचं जग आणि दुसऱ्यात पुस्तकातलं जग. तुला हे माहीत नव्हतं असं मी मानते, कारण मग मला जास्त आनंद होतो. आठव्या प्रकरणात हिरवी शाई संपून तू काळी वापरलीस तेही दिसलं. ती जागा तशीच ठेव, त्यावरून काहीतरी सुचेल.

आता तुझा प्रश्न. आजीचं गुपित काय?

तुझ्या टिपणात लिहिलंय की आजी मुळात सावल्यांच्या राज्याची राणी निघते आणि नायिका तिची वारस. चिऊ, हे नको. नायिका शेवटी राजघराण्यातली निघाली की मला दरवेळी थोडं फसवल्यासारखं वाटतं. अकरा प्रकरणं ती आपल्या हिमतीवर वागली, आणि बाराव्यात कळतं की हे सगळं रक्तातच होतं! मग त्या हिमतीचं काय राहिलं? शिवाय जिच्या अंगात राजरक्त नाही ती तिची मैत्रीण आता कुठे उभी राहणार? मागे दिवा धरून?

मला वाटतं, जादूच्या गोष्टीत कुलूप जादूचं असावं, पण आत जे सापडतं ते माणसाचं असावं. टॉमचंच बघ. (शेवट सांगतेय, राग मानू नकोस. तू ते पुस्तक अर्धवट टाकलंस, तेव्हा तुझा हक्क गेला.) रात्री घड्याळात तेरा ठोके पडतात, मागचं दार उघडतं, दिवसा जिथे कचऱ्याच्या डब्यांचं छोटं अंगण असतं तिथे मोठी बाग दिसते, आणि बागेत हॅटी नावाची मुलगी भेटते. एवढ्या सगळ्या जादूच्या पलीकडे काय निघतं? वरच्या मजल्यावरची कटकटी म्हातारी घरमालकीण म्हणजेच हॅटी. ती एकदा लहान होती, बस. एवढंच गुपित. आणि तरी निघताना टॉम धावत परत जाऊन त्या म्हातारीला, ती जणू लहान मुलगीच असावी तशी, मिठी मारतो तेव्हा मी प्रत्येक वेळी डोळे पुसते.

घरातली गुपितं तशीच असतात, बहुतेक छोटी. कोणाचं तरी नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं असतं. फोटोतलं एक माणूस कापलेलं असतं. लपवणाऱ्याला वाटतं आपण मुलांना जपतोय, आणि मुलांना वाटतं आपल्यावर विश्वास नाही. दोघांचंही थोडं खरं असतं. तुझ्या आजीने काय केलं असेल ते शोधताना ‘ती कोण होती’ हे विचारू नकोस. ‘तिला कशाची लाज वाटते’ हे विचार.

इथवर मी शिक्षिकेसारखं लिहिलं. आता पान २३.

तिथे नायिका खोलीत शिरते आणि आजी टेबलाचा खालचा कप्पा घाईघाईने ढकलून बंद करते. ‘काही नाही गं, जुनी बिलं,’ असं म्हणते. कप्पा पुरता बसत नाही, म्हणून गुडघ्याने दाबते. चिऊ, हा गुडघा तू कुठून आणलास ते मला माहीत आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुझं लक्ष नाही.

कप्प्यात बिलं नाहीत. एक वही आहे.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझी एक मैत्रीण होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते तिला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. आम्ही दोघी मिळून एक कादंबरी लिहीत होतो, एक प्रकरण तिचं, एक माझं. वही एक आठवडा तिच्या घरी, एक आठवडा माझ्याकडे. माझ्या प्रकरणांत नुसत्या लढाया असायच्या. ती मात्र फार सुंदर लिहायची. तिने एक बाबा आणले होते. त्यांना एका जादूगाराने समुद्रातल्या दीपगृहात कोंडलेलं असतं. ते रोज रात्री दिवा लावून मुलीला खुणा करतात, पण धुक्यामुळे मुलीला काही दिसत नाही. मी पुढच्या प्रकरणात जादूगाराला मारून बाबांना सोडवून टाकलं. तिने ते खोडलं आणि बाबांना परत दीपगृहात ठेवलं. आमचं यावरून भांडणही झालं.

मग एकदा तिने सांगितलं. तिचे बाबा कामासाठी दूर नव्हते. ते घर सोडून गेले होते, दुसरीकडे संसार मांडला होता, आणि घरी त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. ‘कोणाला सांगू नकोस,’ म्हणाली.

मी चार दिवस नाही सांगितलं. पाचव्या दिवशी सांगितलं. वर्गातल्या एका मुलीने मला कधी नव्हे ते जवळ बसवलं होतं आणि तिला सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. इतकं साधं कारण. मत्सर नाही, राग नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला माहीत होतं.

ती मला काहीच बोलली नाही. त्या आठवड्यात वही तिच्याकडे होती, ती तिने माझ्या दप्तरात ठेवून दिली. तिचं प्रकरण अर्धं लिहिलेलं होतं, शेवटचं वाक्य मध्येच तुटलं होतं. वर्ष संपलं आणि ती शाळा सोडून गेली.

पुढे खूप वर्षांनी मॅडलिन लेंगल यांची १९६२ सालची ‘अ रिंकल इन टाइम’ वाचली. त्यातल्या मेगचे बाबा बेपत्ता असतात, गावातले लोक कुजबुजतात की तो माणूस दुसऱ्या बाईबरोबर पळाला असणार. आणि ते खरंच दूर एका ग्रहावर अंधाराच्या कैदेत असतात. मी तिथे पुस्तक मिटलं. माझ्या मैत्रिणीने ते पुस्तक तेव्हा वाचलेलं नव्हतं, आमच्या हाती असली पुस्तकं येतच नसत. तिला हवा असलेला बाबा तिने एकटीने लिहून काढला होता, आणि मी त्याला एका मधल्या सुट्टीत खोटं पाडलं.

म्हणून तुझ्या गोष्टीतल्या मैत्रिणीबद्दल एक सांगायचं आहे. ती फार शहाणी आहे. अकरा प्रकरणांत तिने एकही गुपित फोडलं नाही, कधी कंटाळली नाही, तिला कधी हेवा वाटला नाही. अशी मैत्रीण मला कधी भेटली नाही आणि मी कोणाची अशी मैत्रीण नव्हते. तिला एकदा चुकू दे. आणि चुकल्यावर कंदिलाने ते दुरुस्त करू नकोस, कितीही मोह झाला तरी. त्या दोघींना आपापल्या तोंडाने बोलू दे, किंवा न बोलता काही प्रकरणं जाऊ दे.

मागच्या महिन्यात तू तुझ्या मैत्रिणीचं काहीतरी मला सांगितलं नाहीस आणि मी दोन दिवस घुश्शात होते, आठवतं? नाही सांगितलंस ते बरोबर केलंस. जिवाला धोका असेल असं काही असेल तर मात्र वचन मोडून माझ्याकडे ये, मग मी घुश्शात असले तरी.

आजीच्या गुपितासाठी माझं हे वापरायचं असेल तर वापर. दीपगृह मात्र घेऊ नकोस, ते तिचं आहे.

कप्पा उघडा ठेवलाय, तसाही तो बसत नाहीच. वही वरच आहे. वाचताना सम प्रकरणांतलं शुद्धलेखन आणि लढाया माझ्या, बाकी सगळं तिचं.

तुझी,
आई