तिरकस पेटी

नाशिक,
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

प्रिय मंदे,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत आणि वर तुझं रागावलेलं पोस्टकार्डही आलं. पोस्टकार्ड अजून मिळतं हे त्यामुळं कळलं. कारणं सांगत बसत नाही, तुला पटायची नाहीत. गुडघा आहे तसाच आहे, साखर आवाक्यात, थंडी पडायला लागलीय. झालं तब्येतीचं.

आता मुद्दा. अण्णांनी 'राग दरबारी' परत केलं. शेहेचाळिसाव्या पानात खुणेला बसचं तिकीट आणि शेरा एकच: "यात गोष्टच नाही." इथं कुणाला सांगून उपयोग नाही. एक पुस्तक परत आलं, त्यात काय एवढं, असंच म्हणतील. तुला कळेल. चौदा घरांत तिरकस कादंबऱ्यांची पेटी फिरवायचं खूळ माझं, त्यातलं पहिलं पुस्तक हे, आणि मी ते दिलं कुणाला, तर अण्णांना!

चूक श्रीलाल शुक्लांची नाही आणि अण्णांचीही नाही. अण्णा अजून संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत, पुढच्या वर्षी निवडणूक आहे. आणि पुस्तकात शिवपालगंजच्या कॉलेजचे मॅनेजर वैद्यजी तमंचांच्या जोरावर एकमतानं निवडून येतात. सहकारी युनियनमधला गहू सुपरवायझर पळवतो, तर वैद्यजी म्हणतात, आजवर आमच्याकडं अपहार झाला नव्हता म्हणून लोक संशय घ्यायचे; आता झाला आणि आम्ही तो लपवला नाही, म्हणजे आम्ही प्रामाणिक ठरलो. तू आणि मी यावर लोळून हसू. अण्णांना त्यात पुढच्या महिन्याची सभा दिसली असणार. निवडणुकीच्या पानांपर्यंत ते पोचलेच नाहीत, पण वास आला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. 'याला विनोद आवडतो' म्हणून तिरकस कादंबरी द्यायची नसते. ज्या गोष्टीची टर उडवलीय ती वाचणाऱ्यानं आतून भोगलेली हवी, आणि ते भोगणं संपलेलं हवं. राग मुरलेला लागतो. कालच मिठात घातलेली कैरी आज पानात वाढली तर दातच आंबणार. चालू संचालकाला 'राग दरबारी' नको, निवृत्त मुख्याध्यापकाला हवी. माझ्या यादीत हा रकानाच नव्हता. मी आपली 'आवडता लेखक' विचारत बसले, आणि चौदांपैकी अकरांनी पु. ल. सांगितलं!

'गोष्टच नाही' हे मात्र अर्धं खरं आहे. 1968 सालचं हे पुस्तक रंगनाथच्या मागं जाऊन वाचायला घेतलं तर माणूस कंटाळतोच. तो बिचारा प्रकृती सुधारायला मामाकडं येतो आणि बघत बसतो, त्याच्या हातून काही घडत नाही. धागा धरायचा तो लंगडचा. त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवी असते. नकलनवीस पाच रुपये मागतो, लंगडच्या मते दर दोनाचा. त्यावरून दोघं अडून बसतात: हा लाच देणार नाही, तो घेणार नाही, नक्कल नियमानंच निघेल. मग नियम काय करतो ते पुस्तकभर अधूनमधून येत राहतं. आता पुस्तकात एक कार्ड घालणार आहे, 'लंगड दिसेल तिथं थांबा' एवढंच लिहून. हिंदीचं भय नको. अवधीचे शब्द पहिल्या तीसेक पानांत अडतात, मग कान सरावतो. हिंदी अगदीच जमत नसेल त्याला जिलियन राइट यांचं इंग्रजी भाषांतर द्यावं, पण बोलण्यातली खुमारी त्यात पातळ होते.

तळमजल्यावरचे तलाठीकाका आठवतात ना? निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्यासाठी गोगोलचं 'डेड सोल्स', 1842 सालचं. त्यातली मेख त्यांच्याइतकी पटकन कुणाला कळणार नाही. रशियात जमीनदाराला त्याच्या मालकीच्या भूदासांमागं माणशी कर भरावा लागायचा, फक्त पुरुष मोजायचे, आणि मोजणी व्हायची काही वर्षांनी एकदा. मधल्या काळात मेलेला माणूस पुढच्या मोजणीपर्यंत कागदावर जिवंत आणि त्याचा कर चालू. चिचिकोव्ह हे मेलेले स्वस्तात विकत घेत फिरतो, कारण कागदावरच्या जिवंत माणसांवर सरकारकडून तारणकर्ज उचलता येतं. वारसनोंद न झाल्यानं सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं नांदणारे आजोबा ज्यानं पाहिलेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे पुस्तक अडतं ते नावांवर. पावेल इवानोविच म्हणजेच चिचिकोव्ह, हे दहाव्या पानाला विसरतं. म्हणून आतल्या पुठ्ठ्यावर नावांची चिठ्ठी चिकटवायची. पहिलं प्रकरण संथ आहे, ते सोसायचं. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दर प्रकरणी एक जमीनदार, आणि खरी मेजवानी तीच. तिसऱ्यातली कोरोबोच्का तर आपलीच. मेलेल्यांचा बाजारभाव ठाऊक नाही, फसले तर, म्हणून ती चौकशीला थेट शहर गाठते. लासलगावचा भाव विचारल्याशिवाय कांदा न सोडणारी तुझी मामी! पाचव्यातला सोबाकेविच माणशी शंभर रुबल सांगतो, मेलेला सुतार काय कसबी होता, चांभार काय टिकाऊ शिवायचा, याची वर्णनं करतो, शेवटी अडीचवर येतो आणि यादीत हळूच एक बाई पुरुष म्हणून घुसडतो. अकराव्या प्रकरणाला पहिला भाग संपतो. तिथंच थांबायला सांगायचं. दुसऱ्या भागाचं हस्तलिखित गोगोलनं 1852 मध्ये जाळलं, हाताशी आहेत ते तुकडे. ते वाचून लोक म्हणतात पुस्तक फसलं.

आणि याची जोडी कुठली माहितीय? तू अर्ध्यात सोडलेलं हेलरचं 'कॅच-22'. हो, पुन्हा काढणार मी ते. तू म्हणालीस काळाचा पत्ता लागत नाही, मी म्हणाले तू लावत नाहीस, आणि आपण आठ दिवस बोललो नाही. आता शांतपणे ऐक. त्यात काळ तारखांवर चालत नाही, तो किती बॉम्बफेऱ्या झाल्या की वैमानिकांना घरी सोडणार त्या आकड्यावर चालतो. कर्नल कॅथकार्ट तो आकडा वाढवत नेतो, ऐंशीपर्यंत. प्रकरणांना माणसांची नावं आहेत, क्रम उलटसुलट आहे, म्हणून एका चिठ्ठीवर प्रकरण आणि त्यात सांगितलेला आकडा लिहीत जायचं. सात-आठ प्रकरणांत आपोआप घडी बसते. आणि अर्ध्यात सोडलं की सगळं गेलं, कारण पुस्तकभर ज्याचा उल्लेख डोकावत राहतो तो प्रसंग शेवटाकडं उलगडतो. तोवर हसत असतो आणि तिथं हसू घशात अडकतं.

जोडी म्हणाले ती डॉक्टर डनीकामुळं. त्याला विमानाची भीती, पण उड्डाणभत्ता हवा, म्हणून न बसताच यादीत नाव लावून घेतो. ते विमान कोसळतं. डॉक्टर खाली उभा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण यादीप्रमाणं मेलेला. बायकोला विम्याचे पैसे मिळतात, ती बिऱ्हाड हलवते. गोगोलकडं मेलेले कागदावर जिवंत, हेलरकडं जिवंत माणूस कागदावर मेलेला. हे वाचायला नोव्हेंबरसारखा महिना नाही. आपले सगळे पेन्शनर आत्ता हयातीचे दाखले देत बँकेत रांगेत उभे आहेत. बोटाचा ठसा न उमटल्यानं 'तुम्ही आहात का' हे सिद्ध करावं लागलेल्या माणसाला एकतिसावं प्रकरण आधी वाचायला द्यावं, मग पहिल्यापासून. मात्र दाखला मंजूर झाल्यावर. आधी नाही.

जमिनीचा ज्यांना जरा जास्तच कळवळा आहे त्यांच्यासाठी फकीरमोहन सेनापतींचं 'छ माण आठ गुंठ'. ओडियात 1897 पासून क्रमशः आलं, 1902 मध्ये पुस्तक झालं. इंग्रजी भाषांतर चांगलं मिळतं. नावावरून घोळ होतो म्हणून सांगते, आपल्याकडं चाळीस गुंठ्यांचा एकर, तिथं पंचवीस गुंठ्यांचा माण, म्हणजे जमीन सव्वासहा एकरांच्या थोडी वर. जमीनदार मंगराज ती एका विणकर नवराबायकोकडून लाटतो. यात घसरतात ती साधी माणसं, कारण सांगणारा सतत मंगराजची स्तुती करतो आणि त्यांना ती खरी वाटते. पहिल्या प्रकरणात मंगराजची एकादशी आहे. दिवसभर पाणी आणि तुळशीचं पान, आणि रात्री खोलीत दुधाचं मोठं भांडं, केळी आणि वर आणखी काहीबाही. सकाळी भांडं रिकामं! ते प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचं. दुधाला जो हसला त्याला पुस्तक द्यायचं. 'किती धार्मिक माणूस' म्हणणारी वहिनी निघाली तर तिला चिमणराव द्यावा, तीही सुखी, आपणही.

मुलांचं सोपं वाटतं, पण तिथंच जास्त चुका होतात. 'गलिव्हर' देताना प्रत उघडून बघ, चार प्रवास आहेत का. बाजारातल्या बहुतेक बालआवृत्त्या बुटके आणि राक्षस यांच्यावर संपतात. तिसऱ्यातली लगाडोची अकादमी, जिथं एक विद्वान आठ वर्षं काकडीतून सूर्यकिरण काढतोय, ती ओझरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांसाठी मी राखून ठेवलीय. 'अ‍ॅनिमल फार्म' नववीच्या पोरांना, दहा छोटी प्रकरणं, दोन बैठकांत होतं. दुसऱ्या प्रकरणातले सात नियम एका कागदावर उतरवून समोर ठेवायला सांगायचे. पुढं भिंतीवरच्या नियमांना 'चादर घालून', 'अती', 'कारणाशिवाय' अशी शेपटं फुटतात, ती पोरांना स्वतःला सापडली पाहिजेत. आपण बोट दाखवलं की मजा गेली. स्टालिन नंतर सांगावा, आधी सांगितला की नागरिकशास्त्र होतं.

कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांतली पोरं 'इंग्लिश, ऑगस्ट' मागतात. उपमन्यू चटर्जींचं, 1988 चं, मदना नावाच्या गावात पहिल्या नेमणुकीवर आलेला आयएएस अगस्त्य सेन, डास, उकाडा, गांजा आणि मार्कस ऑरेलियस. तिसरा प्रयत्न चालू असलेल्याला देऊ नको, त्याला ते अपशकुनासारखं लागतं. एकतर नेमणूक मिळालेल्याला नाहीतर नाद सोडून धंद्याला लागलेल्याला. आणि त्याच्या आईच्या हाती आधी पडू देऊ नको. पंधराव्या पानाच्या आत पेटी बंद पडेल.

ज्याला कशाचीच खात्री नाही त्याच्यापासून सुरुवात करायची असेल तर कृष्ण चंदरचं गाढव, 'एक गधे की सरगुज़श्त'. लिहिणं-वाचणं येणारं गाढव मगरीनं खाल्लेल्या धोब्याच्या विधवेसाठी भरपाई मागत दिल्लीत खात्याखात्यांत फिरतं. छोटं, सरळ रेषेत जाणारं, एकालाही न दुखावणारं. खरं तर पेटीतलं पहिलं पुस्तक हेच हवं होतं. मी मोठेपणाच्या हौसेनं शुक्लांपासून सुरू केलं.

मराठीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण तू भांडणार. 'कोसला' तिरकस नाही, ती दुःखाची कादंबरी आहे, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. म्हण आता, वीस वर्षांनी मान्य केलं. पण प्राध्यापकांसाठी नेमाड्यांचीच 'झूल' राहणारच. कॉलेजातलं राजकारण, समित्या, लेखक म्हणून मिरवणं, सगळं त्यात आहे. फक्त 'बिढार', 'हूल' आणि 'जरीला' न वाचता दिली तर नायक चांगदेव कुठून आला ते कळत नाही, म्हणून चारही एका दोरीत बांधून देणार. चारही मिळून एका घराला बारा आठवडे. बाकी पुस्तकांना तीन, 'कॅच' आणि 'डेड सोल्स'ला सहा. श्याम मनोहर हवेत की नकोत तू सांग. मला ते आवडतात, पण कुणाला द्यावेत ते अजून उमगलेलं नाही.

धाकटीचं ठरलं हे ऐकून बरं वाटलं, मुलाचा फोटो पाठव. विजयनगरच्या फ्लॅटचं पाणी सुरळीत झालं का? तुझ्या ह्यांना नमस्कार.

डिसेंबरात आग्रा रोडनं येशीलच तेव्हा तीन गोष्टी आण. 'राग दरबारी'ची हिंदीतली मोठ्या टायपातली प्रत मिळाली तर, नाहीतर साधी; इथल्या प्रतीतलं अक्षर पाहून निम्म्या गटानं चष्मे पुसले. गाढवाच्या दोन प्रती, सोबत 'गधे की वापसी' मिळालं तर तेही. आणि माझं 'कॅच', जे तू अर्ध्यात सोडूनसुद्धा परत दिलेलं नाहीस.

अण्णांचं काय करायचं ते काल गोदाकाठावरून परत येताना सुचलं. त्यांच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावरून उतरायला अकरा वर्षं लागली होती आठवतंय? ते काम होऊनही आता सात वर्षं झाली. हल्ली ते स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगतात, हातवारे करून. त्यांना 'डेड सोल्स' देते, तलाठीकाकांच्या आधी. खूण पाचव्या प्रकरणात घालून ठेवलीय, त्यांच्याच बसच्या तिकिटाची.

तुझी,
सुमी

ता. क. काकांना अण्णांच्या आधी द्यायचं कबूल करून बसलेय. तू आलीस की तूच सांग त्यांना, तुझं ऐकतात.