डोनसोलचा मासा

मनिला, 14 एप्रिल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, मी डोनसोलला समुद्रात व्हेल शार्क बघायला उतरले हे सांगितलं, तर परवा फोनवर तू ‘शार्क’ एवढाच शब्द धरून बसलीस, म्हणून नीट लिहिते आहे. डोनसोल हे इथलं, फिलिपिन्समधलं, किनाऱ्यावरचं गाव. मी सुखरूप आहे, साधं खरचटलंसुद्धा नाही. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा, पण माणसाच्या वाटेला जात नाही. आ वासून पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो. अंगात लाइफ जॅकेट होतं, बरोबर वाटाड्या होता आणि पोहायला मला बाबांनीच टिळक टँकवर शिकवलंय.

ऑफिसातले बहुतेक जण सेबू बेटावरच्या ओस्लोबला जातात. तिथे मासा हमखास दिसतो, कारण कोळी रोज बारीक कोळंबी टाकून त्याला किनाऱ्याशी धरून ठेवतात. चाऱ्याला सोकावलेले मासे होडीला येऊन खेटतात, तिच्या इंजिनाच्या पंख्याने अंग कापलं जातं. मला ते बघवलं नसतं. डोनसोलला चारा घालत नाहीत, त्यामुळे खात्रीही नाही. पहिला दिवस नुसता उन्हात गेला.

इथली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. ही माणसं बोटाने नाही, ओठांनी दाखवतात! रस्ता विचारला की ओठांचा चंबू करून त्या बाजूला मान किंचित उचलायची. जवळचं असेल तर नुसता चंबू, लांबचं असेल तर हनुवटीसकट. सुरुवातीला मला वाटायचं, माझा प्रश्न आवडला नाही. तसं काही नसतं, माणसाकडे बोट रोखणंच इथे उद्धटपणाचं. दुसऱ्या दिवशी डोलकाठीवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात दोरात होते. त्याने ओठांनीच समुद्र दाखवला आणि आम्ही उतरलो.

पाणी पन्ह्यासारखं हिरवट गढूळ. आधी काहीच दिसेना, मग खालून पांढरे ठिपके वर आले, आजीच्या रांगोळीसारखे ओळीने. ती पाठ होती. नियम कडक: माशाजवळ एकच होडी, पाण्यात 6 जण, अंगापासून 3 मीटर, शेपटीपासून 4, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. एकदा शेपूट हलली आणि सगळं खाली गेलं. 3 मिनिटं झाली असतील.

वाटाड्याला मी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वेरावळचं सांगितलं. रामकथाकार मोरारीबापूंनी तिथल्या कोळ्यांना समजावलं होतं, ही व्हेल शार्क म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, हिला मारू नका. तिकडे तिला ‘व्हाली’ म्हणतात, लाडकी. सांगता सांगता माझाच गळा दाटून आला. दोन दिवाळ्या झाल्या, मी आले नाही.

बाबा, खर्च बोनसमधून केला, फ्लॅटच्या हप्त्याला हात लावलेला नाही. या महिन्यात 40,000 ऐवजी 30,000 येतील, उरलेले मेमध्ये नक्की. त्यासाठी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, तारीख घेऊनच टाका. चिंचवडच्या स्थळाला फोटो दिला असाल तर असू दे, मी त्या मुलाशी स्वतः बोलेन. पण माझ्या वतीने होकार देऊ नका, आई, एवढं ऐक. गणपतीसाठी रजा टाकली आहे. अजून मंजूर नाही, आजीला आत्ताच सांगू नका.

तुमची,
मनू

ता. क. फोटोत मासा नीट आलेला नाही, नुसते ठिपके आहेत. आजीला तेच दाखव.