‘बेड नाही’ असं मीही सांगत आले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कऱ्हाडच्या एका रुग्णालयात मी 27 वर्षं आयसीयूत सिस्टर होते, शेवटची नऊ वर्षं इन्चार्ज. निवृत्तीनंतर चिपळूणजवळच्या सासरच्या गावी येऊन राहिले. ‘बेड नाही’ हे दोन शब्द मी फोनवर किती वेळा बोलले असेन, त्याची मोजदाद नाही. गेल्या जुलैत ते मला दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकावे लागले, म्हणून हे पत्र.

लावणी उरकून आठ दिवस झाले होते. भाऊजींना ताप भरला, डोळे लाल झाले, पोटऱ्यांना हात लावू देईनात. चिपळूणच्या डॉक्टरांनी लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, लगेच ओळखला, इंजेक्शनं सुरू केली. पण तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली आणि संध्याकाळी थुंकीतून रक्त आलं. व्हेंटिलेटर आणि डायलिसिस दोन्ही एकाच ठिकाणी हवं, असं डॉक्टर म्हणाले. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, ‘हायर सेंटरला रेफर’. कुठलं हायर सेंटर, ते लिहिलं नव्हतं. अशा चिठ्ठ्या घेऊन येणारे पेशंट मी आयुष्यभर उतरवून घेतले, पण ही गोष्ट तेव्हा कधी डोळ्यांत भरली नाही.

सव्वानऊला गाडी निघाली. पुतण्या ड्रायव्हरशेजारी बसून एकेक नंबर फिरवत होता. पोफळी सोडली आणि रेंज गेली. कुंभार्ली घाटात पाऊस, धुकं, आणि मी मागे सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलेली. काटा लाल पट्ट्याच्या वर बोटभर होता. कोयनानगरला रेंज आल्यावर एका ठिकाणी ‘या, बघू’ असं उत्तर मिळालं. त्या भरवशावर बाराच्या सुमारास कऱ्हाडात पोचलो, तर आयसीयू भरलेलं. दुसरीकडे काचेतून मोकळी खाट दिसत होती, चादरसुद्धा नवी घातलेली, पण व्हेंटिलेटर सगळे लागलेले. तिसरीकडे व्हेंटिलेटर होता, पण डायलिसिसचा टेक्निशियन सकाळी आठला येणार होता. एक तास चाळीस मिनिटं आम्ही त्या गावात फिरत होतो. ज्या गावात मी 27 वर्षं काढली, त्या गावात.

शेवटी मी एका जुन्या सहकारी सिस्टरला फोन लावला. तिची नाइट होती. ती म्हणाली, “ताई, आमचा एक पेशंट सकाळी वॉर्डात जायचाच आहे. डॉक्टरांना विचारून आत्ताच हलवते. अर्ध्या तासात या.”

भाऊजी वाचले. चार दिवस व्हेंटिलेटर, पाच डायलिसिस. आता शेतावर चक्कर मारतात. पण तो बेड ओळखीने मिळाला. तिसऱ्या रुग्णालयाच्या दारात आमच्या मागे पाटणची एक गाडी उभी होती. आत एक बाई धापा टाकत होती. आमची गाडी वळताना तिच्या नवऱ्याने खिडकीशी येऊन विचारलं, “ताई, तुम्हाला कुठं मिळाला?” मी रुग्णालयाचं नाव सांगितलं. तिथे दुसरी खाट नाही, हे मला माहीत होतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

संपादक महोदय, याचा विचार आपल्याकडे कुणी केलाच नाही असं नाही. 1992 मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर संघटनेचा सदस्य रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतलं नाही, कारण बेड नाही किंवा सोय नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला 25 हजार रुपयांची भरपाई दिली. त्याच निकालात न्यायालयाने सुचवलं की बेड कुठे मोकळा आहे हे कळवणारी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था राज्य पातळीवर हवी, म्हणजे पेशंट थेट तिथेच पाठवता येईल. 1996 मध्ये खेडोपाडी फोनही फारसे नव्हते. आज माझ्या पुतण्याच्या हातात मोबाइल आहे, तरी तेरा नंबर त्याला स्वतःच फिरवावे लागले.

करोनात मुंबई महापालिकेने 24 वॉर्डांत बेड मिळवून देणाऱ्या वॉर रूम उघडल्या. पुण्यातही बेडचे आकडे ऑनलाइन दिसायचे. त्यातून शिकायचं खूप आहे. आकडा सगळ्यांना दिसला की शंभर जण त्या एका खाटेकडे धावतात, आणि सकाळचा आकडा दुपारी शिळा होतो. म्हणून माझं मत असं, की आकडे लोकांसाठी जाहीर करूच नयेत. ते कंट्रोल रूमला द्यावेत. 108 ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, तिची कंट्रोल रूम चोवीस तास जागी असते. रेफर करणाऱ्या डॉक्टरने तिथे एक फोन करावा, पेशंटला काय काय लागणार ते सांगावं, आणि गाडी हलण्याआधी पलीकडच्या डॉक्टरशी बोलणं होऊन चिठ्ठीवर रुग्णालयाचं नाव पडावं. नातेवाइकांच्या हातात फोन नकोच. अवयवदानात आपण हे करतोच आहोत. मूत्रपिंड किंवा यकृत मिळालं की कुणाला द्यायचं ते विभागीय समन्वय केंद्र यादीवरून ठरवतं, आणि एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारी खासगी रुग्णालयं ते मान्य करतात. मग खाटेचं का जमू नये?

खासगी रुग्णालयांची अडचण मी आतून पाहिली आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाची तब्येत बिघडली तर एक बेड हाताशी लागतो. तो लपवून ठेवल्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही, मीही ठेवला आहे. तो उघडपणे राखीव म्हणून लिहावा. आपण बेड दाखवला की पैसे न भरणारे पेशंटच पाठवतील, ही भीतीही खरी आहे. बिल कोण देणार ते शासनाने आधी स्पष्ट केलं नाही, तर रुग्णालयं आकडे लपवणार, हे मी अनुभवाने सांगते.

आणि ‘बेड रिकामा’ ही एकच नोंद काही कामाची नाही. आयसीयूत दर शिफ्टला हँडओव्हर होतो: सकाळी, दुपारी, रात्री. तेव्हा इन्चार्ज सिस्टरला सगळं तोंडपाठ असतं. किती व्हेंटिलेटर मोकळे, रात्री डायलिसिस होईल का, पुढच्या चार तासांत वॉर्डात कोण जाण्यासारखं आहे, आणि नव्या पेशंटला सिस्टर आहे का. सिस्टर नसेल तर ती नुसती खाट. हे चार रकाने भरायला दोन मिनिटं लागतात. आमच्या भाऊजींचा बेड तिसऱ्या रकान्यातला होता. कुठल्याच यादीत तो रिकामा म्हणून दिसला नसता.

सगळ्या राज्यात एकदम करा असं मी म्हणत नाही. आधी चिपळूण ते कऱ्हाड एवढाच रस्ता घ्या. रत्नागिरी आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र बसावं, कारण घाट ओलांडला की जिल्हा बदलतो आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. जूनअखेरीस इकडे लावणी सुरू होईल, त्यामागून लेप्टो येईल. त्याआधी हे चार रकाने सुरू व्हावेत. इन्चार्ज सिस्टरना ते समजावून द्यायला मी स्वतःच्या खर्चाने कऱ्हाडला येईन, आणि लागतील तितक्या वेळा येईन.

आपली,
एक निवृत्त आयसीयू सिस्टर, ता. चिपळूण